कोळंबीची ॲलर्जी पेप्टाइड मायक्रोॲरेवर तपासताना: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

कोळंबी खाल्ल्यावर ज्याचे ओठ सुजतात किंवा अंगावर गांधी उठतात, त्याच्या रक्तात बहुतेक वेळा कोळंबीच्या प्रथिनाविरुद्धचे आयजीई जातीचे प्रतिपिंड सापडतात. नेहमीची रक्तचाचणी ते किती आहेत एवढेच सांगते. ते प्रथिनाच्या कोणत्या भागाला चिकटतात हे पाहायचे असेल तर त्या प्रथिनाचे छोटे तुकडे, म्हणजे पेप्टाइड, काचेच्या स्लाइडवर ठिपक्यांच्या रूपात लावतात. त्यावर रुग्णाचे सीरम सोडतात आणि कोणत्या ठिपक्याने आयजीई धरले ते चकाकणाऱ्या रंगाने शोधतात. याला पेप्टाइड मायक्रोॲरे म्हणतात. बाजारात मिळणाऱ्या इम्युनोकॅप आयझॅकसारख्या चाचण्यांत स्लाइडवर अख्खी प्रथिने असतात, त्यामुळे त्या वेगळ्या. इथे सगळे तुकड्यांचे काम आहे.

पिपेट आणि सेंट्रिफ्यूज हाताखालून गेले आहेत पण ॲरे पहिल्यांदाच करायचा आहे, अशा एमएससी-पीएचडीच्या विद्यार्थ्यांना आणि तंत्रज्ञांना डोळ्यासमोर ठेवून हे लिहिले आहे. उदाहरण सगळीकडे एकच आहे: कोळंबीच्या स्नायूतले ट्रोपोमायोसिन हे प्रथिन.

आधी एक हिशेब

आयजीई किलो-युनिट प्रति लिटरमध्ये मोजतात. १ किलो-युनिट म्हणजे २.४ मायक्रोग्रॅम. कोळंबीविरुद्धचे आयजीई १० किलो-युनिट प्रति लिटर निघाले तर रिपोर्टवर तो आकडा चांगलाच मोठा दिसतो. प्रत्यक्षात एक मिलिलिटर सीरममध्ये ते भरते २४ नॅनोग्रॅम. त्याच मिलिलिटरमध्ये आयजीजी (रक्तातले सर्वसाधारण प्रतिपिंड) असते साधारण १० मिलिग्रॅम, म्हणजे चार लाख पटींहून जास्त. ॲरेच्या एका घरात, म्हणजे स्लाइडवरच्या एका कप्प्यात, तुम्ही ४० मायक्रोलिटर सीरम घालणार. म्हणजे हाताशी येणार जेमतेम १ नॅनोग्रॅम आयजीई, आणि ते नव्वदेक पेप्टाइडांत वाटले जाणार.

सीरम तापवायचे नाही, ब्लॉकिंगला (स्लाइडची रिकामी जागा झाकायला) दूध वापरायचे नाही, रात्रभर थंडीत ठेवायचे, आयजीजी काढून टाकायचे, हे सगळे नियम या हिशेबातून येतात. कुठल्या पायरीवर घाई चालेल आणि कुठे नाही असा प्रश्न पडला की हा आकडा आठवावा.

प्रथिन आणि त्याचे तुकडे

पहिल्या ॲरेसाठी ट्रोपोमायोसिन सोयीचे आहे. ते २८४ अमिनो आम्लांचे लांबट प्रथिन आहे. त्यात सिस्टीन नाही, प्रोलिन नाही, गंधकाचे पूल नाहीत. ते उकळल्याने किंवा वाळवल्याने सहजी बिघडत नाही. म्हणूनच ज्याला ताज्या कोळंबीचा त्रास होतो त्याला वांग्यात घातलेले सोडे किंवा जवळ्याची चटणीही सुरक्षित धरता येत नाही. आयजीई त्याच्या सरळ, सलग भागांना बऱ्यापैकी चिकटते, आणि सलग भागच पेप्टाइड ॲरेवर दिसू शकतात.

या प्रथिनाचा माग भारतातही लागला आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पी. व्ही. सुब्बा राव यांच्या गटाने अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर १९९३ मध्ये आपल्या किनाऱ्यावरच्या पांढऱ्या कोळंबीतले, म्हणजे पीनिअस इंडिकसमधले, मुख्य ॲलर्जन ट्रोपोमायोसिन असल्याचे दाखवले. आयजीई धरणारे दोन तुकडेही त्यांनी सांगितले: ५० ते ६६ आणि १५३ ते १६१. पुढे २००२ मध्ये आयुसो, लेहरर आणि रीझ यांनी दुसऱ्या जातीच्या कोळंबीवर, कृत्रिम पेप्टाइड वापरून, पाच पट्टे निश्चित केले: ४३–५७, ८५–१०५, १३३–१४८, १८७–२०२ आणि २४७–२८४. दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहा. पहिला तुकडा पहिल्या पट्ट्याशी काही भागात जुळतो, दुसरा पाचही पट्ट्यांच्या बाहेर पडतो. १९९३ मध्ये ट्रिप्सिनने कापलेले तुकडे वापरले होते, २००२ मध्ये पृष्ठभागावर बांधलेले, आणि रुग्णही वेगळे. तुमचा नकाशा यातल्या एकाशीही तंतोतंत जुळला नाही तर लगेच घाबरू नका, पण पाचपैकी एकही पट्टा दहा-बारा रुग्णांत उमटला नाही तर मात्र चाचणीत दोष शोधायला लागा.

तुकडे पाडताना दोन आकडे ठरवायचे: लांबी आणि सरक, म्हणजे पुढचे पेप्टाइड किती अमिनो आम्ले पुढे सुरू करायचे. १५ अमिनो आम्लांची लांबी आणि ३ ची सरक हे सुरुवातीला योग्य. कौले एकमेकांवर चढवतात तसे प्रत्येक पेप्टाइड मागच्यावर १२ अमिनो आम्ले चढलेले असते. सुरुवातीच्या जागा १, ४, ७ अशा २६८ पर्यंत जातात. ही झाली ९० पेप्टाइड. त्यातले शेवटचे २८२ वर संपते आणि दोन अमिनो आम्ले उघडी राहतात, म्हणून २७० ते २८४ असे एक जादा घ्यायचे. एकूण ९१. नवीन माणूस हे शेवटचे पेप्टाइड हमखास विसरतो, आणि इथे ते विसरून चालत नाही, कारण पाचवा पट्टा थेट २८४ पर्यंत जातो.

सरक ६ केली तर ४६ पेप्टाइडांत काम भागते आणि खर्च निम्म्यावर येतो. पण मग निकाल वाचणे अवघड होते. समजा आयजीई ८ अमिनो आम्लांच्या सलग भागाला चिकटते. १५ च्या पेप्टाइडमध्ये तो भाग ८ वेगवेगळ्या ठिकाणी बसू शकतो. सरक ३ असेल तर असा भाग लागोपाठच्या दोन किंवा तीन पेप्टाइडांत पूर्ण सापडतो, सरक ६ असेल तर एकात किंवा फार तर दोनांत. एकट्या चमकणाऱ्या ठिपक्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवायला शेजारी लागतो. पैसे वाचवायचेच असतील तर कमी रुग्ण घ्या, सरक वाढवू नका.

पेप्टाइड मागवताना

९१ पेप्टाइडांचे संश्लेषण हा प्रकल्पातला सगळ्यात मोठा खर्च. शुद्धता ७० टक्क्यांच्या वर मागा आणि प्रत्येकाचा मास स्पेक्ट्रम घ्या. टोकाला सी-टर्मिनल अमाइड ठेवा, म्हणजे प्रथिनात नसलेला ऋणभार तिथे येत नाही. पेप्टाइड आणि काच यांच्यात लवचिक दुवा लागतो, नाहीतर पेप्टाइड काचेला चिकटून बसते आणि प्रतिपिंडाला हात घालायला जागा राहत नाही. दोन बीटा-ॲलानिन किंवा छोटा पीईजी दुवा पुरतो.

आता लायसिनची अडचण. इपॉक्सी लावलेली स्लाइड अमाइन गट पकडते. पेप्टाइडच्या सुरुवातीचा अमाइन तर ती पकडतेच, पण मधल्या लायसिनचाही पकडते. ट्रोपोमायोसिनमध्ये लायसिन भरपूर आहेत. पहिल्याच १५ अमिनो आम्लांत पाच! असे पेप्टाइड काचेला पाच जागी बांधले जाऊ शकते, आणि आयजीईला नेमके तेच लायसिन हवे असेल तर ठिपका काळा राहतो. यावर एक उपाय आहे. प्रथिनात सिस्टीन अजिबात नसल्याने पेप्टाइडच्या टोकाला एक सिस्टीन जोडायचा आणि सिस्टीनला धरणारी मॅलेमाइड स्लाइड वापरायची. पीएच ६.५ ते ७.५ ठेवला तर बांधणी फक्त त्या टोकाने होते.

मग पहिल्यापासून मॅलेमाइडच का नको? कारण त्या स्लाइडवर नियंत्रणासाठी लागणारी अख्खी प्रथिने, विशेषतः मानवी आयजीई, नीट बसत नाहीत. शिवाय सिस्टीनची पेप्टाइड हवेत जोडी-जोडीने जुळतात. ती जोडी सोडवायला टीसीईपी लागते. त्याच कामाचे डीटीटी चालत नाही, कारण ते स्वतःच मॅलेमाइडवर जाऊन बसते. आमचे मत असे: पहिला ॲरे इपॉक्सीवर करा, आणि ठरलेल्या पाच पट्ट्यांतली आठ-दहा पेप्टाइड सिस्टीनसह वेगळी मागवून दुसऱ्या फेरीत मॅलेमाइडवर तपासा.

पेप्टाइड पावडर उघडण्याआधी कुपी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आत पाणी धरते. ट्रोपोमायोसिनची बहुतेक पेप्टाइड भारित असल्याने पाण्यातच विरघळतात. जी विरघळत नाहीत ती आधी थोड्या डीएमएसओ या द्रावकात घ्या. पुस्तकात आम्लधर्मी पेप्टाइडसाठी पातळ अमोनिया सांगितलेला असतो, तो इथे टाळा. अमोनिया हाही अमाइनच, तो इपॉक्सीच्या जागा खाऊन टाकतो. ट्रिस आणि ग्लायसिन बफरचेही तेच. मूळ द्रावण ५ ते १० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर ठेवा आणि एक थेंब पीएच कागदावर टाकून पाहा. संश्लेषणातून उरलेल्या टीएफए या आम्लामुळे ते पुष्कळदा चांगलेच आम्लधर्मी निघते आणि मग इपॉक्सीशी जोडणी होतच नाही.

स्लाइडचा आराखडा आणि छपाई

नियंत्रणांशिवाय ॲरे म्हणजे नुसते चित्र. एका घराचा आराखडा असा करता येतो: ९१ पेप्टाइड प्रत्येकी तीनदा, म्हणजे २७३ ठिपके. कोंबडीच्या ट्रोपोमायोसिनची त्याच जागांवरची १० पेप्टाइड तीनदा, ३०. कोंबडीचे हे प्रथिन कोळंबीच्या प्रथिनाशी निम्म्याहून थोडे जास्त जुळते पण सहसा ॲलर्जी करत नाही, त्यामुळे यासारखे चांगले ऋण नियंत्रण नाही. शुद्ध मानवी आयजीई १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरपासून निम्मे-निम्मे करत सहा पातळ्या, तीनदा, १८. अख्खे ट्रोपोमायोसिन ३, शुद्ध मानवी आयजीजी ३. नुसत्या बफरचे २०. कोपरे ओळखायला रंग लावलेले ७, आणि मानवी अल्ब्युमिनचे ६. एकूण ३६०, म्हणजे २० ओळी आणि १८ स्तंभ.

ठिपक्यांची केंद्रे ०.४ मिलिमीटर अंतरावर ठेवली तर हा पट ८ बाय ७.२ मिलिमीटर होतो. १६ घरांच्या गॅस्केटमध्ये (घरे वेगळी ठेवणाऱ्या चौकटीत) तो मावत नाही. ८ घरांचे गॅस्केट घ्या. तिन्ही प्रती शेजारी-शेजारी न छापता पटाच्या तीन वेगवेगळ्या भागांत टाका. एका कोपऱ्यात बुडबुडा अडकला तर तीनपैकी एकच प्रत जाते.

छपाईसाठी पेप्टाइड ०.१ ते ०.५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, फॉस्फेट बफर पीएच ८ ते ८.५, त्यात १० टक्के ग्लिसरॉल. मशीनच्या कप्प्यात आर्द्रता ५५ ते ६५ टक्के ठेवा. मुंबई-कोकणात पावसाळ्यात ही बाहेरच ८५-९० असते आणि ठिपके पसरून एकमेकांत मिसळतात. पुण्यात मार्च-एप्रिलमध्ये नेमके उलटे, ठिपका टेकताच सुकतो. वातानुकूलन लावले की आर्द्रता उतरते हेही लक्षात घ्या. हायग्रोमीटर कप्प्याच्या आत ठेवा, खोलीच्या भिंतीवर नको. छापून झाल्यावर स्लाइड दमट डब्यात रात्रभर, मग कोरडी करून सिलिका जेलसह हवाबंद पाकिटात ४ अंशांवर.

पिनने छापत असाल तर एका पेप्टाइडचे अवशेष पुढच्यात जातात का ते आधी तपासा: रंग लावलेले पेप्टाइड छापा, पिन धुवा, मग लगेच नुसता बफर छापा आणि स्कॅन करा. बफरच्या ठिपक्यात रंग दिसला तर धुण्याची वेळ वाढवा. चाचणीच्या शेवटी लागोपाठचे दोन ठिपके चमकले आणि तेच नेमके एकापाठोपाठ छापलेले असले, तर हे आयजीईचे काम की पिनचे, हे नंतर कळायला मार्ग उरत नाही. म्हणून छपाईचा क्रम आणि प्रथिनातला क्रम एक ठेवू नका.

सीरम

संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आणि रुग्णाची लेखी संमती नसेल तर एकही नळी घेऊ नका. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे जुन्या, फ्रीजरमध्ये साठवलेल्या नमुन्यांनाही लागू होतात. प्रत्येक नमुना संसर्गजन्य समजूनच हाताळायचा.

रक्त साध्या नळीत घ्या, अर्धा तास गोठू द्या, १,५०० जी वर १० मिनिटे फिरवा, वरचे सीरम १०० मायक्रोलिटरच्या छोट्या कुप्यांत वाटून उणे ८० वर ठेवा. पुन्हा-पुन्हा वितळवून गोठवू नका. प्लाझ्माही चालतो, पण त्यातले फायब्रिन रात्रीत जमून स्लाइडवर धागे सोडते. लाल पडलेले, रक्तपेशी फुटलेले सीरम बाजूला ठेवा, पार्श्वभूमी वाढते.

सीरम ५६ अंशांवर तापवायची अनेक प्रयोगशाळांना सवय असते. इथे ती मोडा. आयजीईचा एफसी भाग, म्हणजे त्याची शेपटी, या तापमानाला कायमचा बिघडतो, आणि काही प्रतिपिंडे तो मग ओळखतच नाहीत. अँटिहिस्टामिन चालू असले तरी या चाचणीला फरक पडत नाही (त्वचेच्या चाचणीला पडतो). ओमालिझुमॅब घेणाऱ्याचे सीरम मात्र घेऊ नका. ते औषध आयजीईलाच धरून बसते.

पहिल्या फेरीला कोळंबीचे विशिष्ट आयजीई १० किलो-युनिटच्या वर असलेले रुग्ण निवडा. एक-दोन किलो-युनिटच्या सीरमवर सुरुवात केली आणि काही दिसले नाही, तर दोष सीरमचा की चाचणीचा हे कळणार नाही. तुलनेसाठी किमान आठ-दहा ॲलर्जी नसलेले लोक लागतात, आणि त्यांत दोन प्रकार मुद्दाम घ्या: एकूण आयजीई खूप वाढलेले पण कोळंबी बिनत्रास खाणारे (इसब किंवा जंत असलेले), आणि धुळीतल्या माइटची ॲलर्जी असलेले पण कोळंबी पचणारे. दुसऱ्या प्रकाराबद्दल शेवटी बोलू.

चाचणीचे दोन दिवस

पहिला दिवस. स्लाइड खोलीच्या तापमानाला आणा. ब्लॉकिंग द्रावण असे: पीबीएस (मीठ घातलेला फॉस्फेट बफर), ०.०५ टक्के ट्वीन-२० (सौम्य डिटर्जंट), १ टक्का मानवी सीरम अल्ब्युमिन. दुधाची पावडर, केसिन, गाईचे अल्ब्युमिन, माशाचे जिलेटिन, यांपैकी काहीही नको. हे सगळे स्वतःच ॲलर्जन आहेत. दुधाची ॲलर्जी असलेल्या रुग्णाचे आयजीई दुधाने ब्लॉक केलेल्या स्लाइडवर सोडले तर अख्खी स्लाइडच उजळते.

ब्लॉक करण्याआधी इपॉक्सीच्या उरलेल्या जागा ५० मिलिमोलर इथेनॉलअमाइन, पीएच ९, यात ३० मिनिटे बुडवून बंद करा. स्लाइड द्रावणात हळूहळू सोडू नका. ठिपक्यांत न चिकटलेले जादा पेप्टाइड असते, ते संथपणे वाहत जाऊन शेजारी चिकटते आणि प्रत्येक ठिपक्याला शेपूट फुटते. छापलेली बाजू खाली करून एका झटक्यात बुडवा आणि लगेच जोराने हलवा. मग पाण्याने धुऊन ब्लॉकिंग द्रावणात एक तास.

तोपर्यंत सीरम ४ अंशांवर १०,००० जी वर १० मिनिटे फिरवून चरबीचा थर आणि गाळ टाळून मधले घ्या. ४० मायक्रोलिटर सीरम आणि १६० मायक्रोलिटर ब्लॉकिंग द्रावण, म्हणजे पाचास एक. गॅस्केट बसवा, प्रत्येक घरात २०० मायक्रोलिटर सोडा, बुडबुडा दिसला तर टोकदार टिपने तेव्हाच काढा. एका घरात सीरमशिवाय नुसते द्रावण ठेवा. दमट डब्यात, ४ अंशांवर, १६ ते २४ तास, अगदी मंद हालचालीवर. इतका वेळ का? १ नॅनोग्रॅम आयजीई २०० मायक्रोलिटरमधून भटकत ठिपक्यापर्यंत यायचे आहे.

आयजीजीचे काय? कोळंबी वारंवार खाणाऱ्या किनारपट्टीच्या माणसात ट्रोपोमायोसिनविरुद्धचे आयजीजी४ (आयजीजीचा एक उपप्रकार) पुष्कळ असू शकते, आणि ते आयजीईच्याच जागा आधी बळकावते. ठिपका काळा राहिला तर तिथे आयजीई नाही असे मग म्हणता येत नाही. ज्यांचे विशिष्ट आयजीई चांगले असूनही ॲरे काळा येतो, त्यांचे सीरम आयजीजी धरणारे प्रोटीन जी लावलेल्या मण्यांवरून काढून पुन्हा चालवा. प्रोटीन ए वापरू नका. ते काही आयजीईही धरते. ४० मायक्रोलिटर सीरममध्ये आयजीजी सुमारे ०.४ मिलिग्रॅम असते, त्यासाठी ५० मायक्रोलिटर बसलेला ॲगरोज गाळ पुरतो. मण्यांतले पाणी मिसळून सीरम पातळ होते, तेवढे पुढच्या मिश्रणात कमी घाला. आधीचे आणि नंतरचे एकूण आयजीई मोजून किती गळाले ते पाहा.

दुसरा दिवस. सीरम शोषून काढा आणि पीबीएस-ट्वीनने पाच-पाच मिनिटांचे तीन धुणे. घरातले द्रव काढताना आणि घालताना एका घराचे शेजारच्यात गळणार नाही याकडे डोळा ठेवा; गॅस्केट नीट दाबले गेले नसेल तर इथेच कळते. मग बायोटिन लावलेला मानवी आयजीईविरोधी मोनोक्लोनल प्रतिपिंड, ०.५ ते १ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, खोलीच्या तापमानाला दीड तास. याच मिश्रणात ६४७ हा दुसरा चकाकणारा रंग थेट लावलेला आयजीजी४विरोधी प्रतिपिंड घातला तर दोन्ही उत्तरे एकाच स्लाइडवर मिळतात. तीन धुणी. मग स्ट्रेप्टाव्हिडिन-साय३ (बायोटिनला घट्ट धरणारे, साय३ रंग लावलेले प्रथिन), १ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, अंधारात ३० मिनिटे. रुग्ण बायोटिनच्या गोळ्या घेत असला तरी इथे अडचण नाही, त्याचे सीरम केव्हाच धुऊन गेलेले असते.

हिस्टिडिन-प्रोलिन-ग्लुटामिन असा क्रम असलेले पेप्टाइड स्ट्रेप्टाव्हिडिनला आपणहून धरते. ट्रोपोमायोसिनमध्ये प्रोलिनच नाही, म्हणून आपण सुटलो. उद्या शेंगदाणा किंवा गव्हाचे प्रथिन घ्याल तेव्हा आधी हा क्रम शोधा.

शेवटची तीन धुणी ट्वीनसह, एक ट्वीनशिवाय, मग दहापट पातळ पीबीएसमध्ये दोन-तीन सेकंद एक बुडी. ही बुडी राहिली तर मिठाचे स्फटिक सुकतात आणि स्कॅनमध्ये चमकतात. गॅस्केट काढा, स्लाइड २०० जी वर पाच मिनिटे फिरवून कोरडी करा. हवेत सुकू देऊ नका, डाग राहतात.

स्कॅन

त्याच दिवशी करा. ६४७ आणि साय५ जातीचे रंग हवेतल्या ओझोनने फिके पडतात. साय३ साठी ५३२ नॅनोमीटर, ६४७ साठी ६३५ चा लेझर, रिझोल्यूशन १० मायक्रॉन. १५० मायक्रॉनच्या ठिपक्यात मग सुमारे १७५ पिक्सेल येतात, मध्यक काढायला पुरेसे. स्कॅनरची कमाल पातळी ६५,५३५ असते. मानवी आयजीईचा सगळ्यात तेज ठिपका तिच्या थोडा खाली राहील असा गेन (स्कॅनरची संवेदनशीलता) लावा आणि अख्ख्या अभ्यासात तोच ठेवा. रुग्णागणिक गेन बदललात तर रुग्णांची तुलना संपली.

आकड्यांकडे वळण्याआधी चित्र मोठे करून पाहा. कडा उजळ आणि मध्य काळा असेल तर ठिपका लवकर सुकला: आर्द्रता किंवा ग्लिसरॉल वाढवा. सगळ्या ठिपक्यांना एकाच दिशेला शेपूट असेल तर पहिल्या दिवशीचे इथेनॉलअमाइनमध्ये झटक्यात बुडवणे चुकले. अख्खे घर धूसर असेल तर ब्लॉकिंग किंवा सीरम दोषी. सीरम नसलेले घरही धूसर आहे का ते बघितले की दोघांतला कोण ते कळते. आयजीजीचा ठिपका चमकत असेल तर आयजीईविरोधी प्रतिपिंड बदला, त्यापुढचे काही वाचू नका. आणि आयजीईच्या सहा पातळ्या पायरीपायरीने उतरत नसतील तर शोधण्याची साखळीच बिघडली आहे.

आकडे

प्रत्येक ठिपक्याचा मध्यक घ्या, त्यातून भोवतालच्या पार्श्वभूमीचा मध्यक वजा करा, पाया २ चा लॉगॅरिदम काढा, तीन प्रतींचा मध्यक घ्या. मूळ आकड्यांत तिन्ही प्रतींतला फरक सरासरीच्या ३० टक्क्यांहून जास्त असेल तर त्या पेप्टाइडवर खूण करा. मग नुसत्या बफरच्या २० ठिपक्यांशी तुलना: त्यांचा मध्यक आणि मध्यकापासूनच्या निरपेक्ष अंतरांचा मध्यक काढा. हे अंतर १.४८२६ ने गुणले की ते प्रमाण विचलनाच्या मापात येते. समजा बफरचा मध्यक ७.० आणि अंतर ०.२०. गुणल्यावर ०.२९७. एका पेप्टाइडचा आकडा ८.१ आला, तर झेड (बफरपासूनचे अंतर, विचलनाच्या मापात) = १.१ ÷ ०.२९७ = ३.७. तीनच्या वर म्हणजे धन. गुणायचे विसरलात तर तोच झेड ५.५ दिसतो आणि निम्मा ॲरे धन निघतो. दोन प्रयोगशाळांचे निकाल न जुळण्याचे हे एक साधे कारण.

एवढ्यावर थांबू नका. कोळंबी बिनत्रास खाणाऱ्यांच्या सीरमवर तेच पेप्टाइड किती वर जाते ते पाहा आणि त्याहून वर असेल तेच मोजा. लागोपाठची किमान दोन पेप्टाइड धन असतील तर पट्टा धरा. १० अमिनो आम्लांपर्यंतचा सलग भाग ३ च्या सरकेत नेहमी किमान दोन पेप्टाइडांत पूर्ण येतो, त्यामुळे ही अट फार कमी खरे पट्टे गाळते. एकटा ठिपका धन असेल तर त्याचा मास स्पेक्ट्रम पुन्हा काढून बघा.

निकाल वाचताना

अख्ख्या ट्रोपोमायोसिनचा ठिपका तेज आणि ९१ पैकी एकही पेप्टाइड धन नाही, असे रुग्ण येतील. अख्खे ट्रोपोमायोसिन एकमेकींभोवती पीळ घातलेल्या दोन साखळ्यांच्या रूपात असते. १५ अमिनो आम्लांचा सुटा तुकडा तो पीळ धरत नाही. पिळावरच अवलंबून असलेले आयजीई पेप्टाइडवर दिसणारच नाही. अशा रुग्णाला "पेप्टाइडवर ऋण" म्हणा, "ॲलर्जी नाही" म्हणू नका.

उलट बाजूने, माइट आणि झुरळ यांचे ट्रोपोमायोसिन कोळंबीच्या ट्रोपोमायोसिनशी ८० टक्क्यांच्या आसपास जुळते. दमट हवेत, गाद्या-उशांतल्या माइटमुळे संवेदनशील झालेल्या माणसाचे आयजीई कोळंबीच्या पेप्टाइडवरही चिकटू शकते, आणि तो माणूस आयुष्यभर कोळंबीचे कालवण सुखाने खात असतो. म्हणूनच तुलनेच्या गटात असे लोक हवेत. ज्या पट्ट्यांत दोन्ही प्रथिने वेगळी आहेत तिथली माइटची पेप्टाइड शेजारी छापली तर निदान फरक तरी कळतो. कोळंबीच्या चार प्रथिनांवर केलेल्या २०१० च्या एका ॲरे-अभ्यासात मुलांचे सीरम प्रौढांपेक्षा जास्त पेप्टाइडांना चिकटलेले दिसले, म्हणून गटांची वयेही जुळवून घ्या. रुग्णाला निकाल हवाच असेल तर त्याला ॲलर्जीतज्ज्ञाकडे पाठवा. निदान पूर्वेतिहास, त्वचेची चाचणी, विशिष्ट आयजीई आणि गरज पडली तर रुग्णालयात देखरेखीखाली खाऊ घालून केलेली चाचणी यांवरच होते.

धन निघालेला पट्टा खरा आहे का, हे पाहायची शेवटची चाचणी स्पर्धेची. तेच पेप्टाइड सुटे मागवा. सीरममध्ये ते ०.१, १, १० आणि १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर मिसळून एक तास ठेवा, मग ॲरेवर सोडा. खरे बंधन असेल तर त्या पट्ट्याचे ठिपके पायरीपायरीने उतरतात आणि बाकीचे तसेच राहतात. सोबत त्याच अमिनो आम्लांचा क्रम विस्कटून केलेले पेप्टाइडही चालवा. ट्रोपोमायोसिनच्या पेप्टाइडांवर इतका भार असतो की नुसत्या भारामुळेही प्रतिपिंड थोडेफार चिकटते. विस्कटलेल्या पेप्टाइडनेही ठिपका तेवढाच उतरत असेल तर तो पट्टा यादीतून काढा आणि धुण्याच्या बफरमध्ये मीठ ५०० मिलिमोलरपर्यंत वाढवून पुन्हा बघा.